खरा मॅकबेथ राजा

गुरुजींनी आम्हाला शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’ नाटकाची गोष्ट सांगितली. वि. वा. शिरवाडकरांनी ते नाटक ‘राजमुकुट’ या नावाने मराठीत आणले आहे. नाटकात मॅकबेथ सरदार घरी पाहुणा आलेल्या म्हाताऱ्या डंकन राजाला झोपेत मारतो आणि स्वतः राजा होतो. सगळा वर्ग म्हणाला, किती दुष्ट! पण मॅकबेथ राजा खरोखर होऊन गेला आणि त्याची हकीकत वेगळीच आहे. ती मी सांगतो.

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड देश आहे. त्याच्या उत्तर भागातल्या मोरे नावाच्या मुलखावर मॅकबेथचे वडील फिंडलेख यांची सत्ता होती. (आपल्याकडच्या मोरे आडनावाशी याचा संबंध नाही.) १०२० साली वडिलांना त्यांच्याच पुतण्यांनी मारले. पुढे १०३२ साली त्यातला एक पुतण्या ५० माणसांसकट आगीत जळून मेला आणि मोरेचा कारभार मॅकबेथकडे आला. त्या मेलेल्या चुलतभावाच्या बायकोशी, ग्रुओखशी, त्याने लग्न केलं. तिच्या लहान मुलाला, लुलाखला, पदरात घेतलं. नाटकातली राणी ती हीच.

त्या काळी तिथे बापामागे मुलगाच राजा होई असे नव्हते. राजघराण्यातला एखादा कर्ता पुरुष गादीवर बसे. पण १०३४ साली दुसरा माल्कम राजा वारला आणि त्याच्या मुलीचा मुलगा डंकन राजा झाला. तो म्हातारा नव्हता, चांगला तरणा होता. त्याने इंग्लंडमधल्या डरहॅमला वेढा घातला, तिथे सपाटून मार खाल्ला. मग १०४० च्या ऑगस्टमध्ये फौज घेऊन तो मोरेवर चालून आला आणि तिथल्या लढाईत मेला. म्हणजे पाहुणा नाही, झोप नाही, काही नाही!

मॅकबेथने १७ वर्षे राज्य केले. १०४५ साली डंकनच्या वडिलांनी बंड केले, त्यात ते मारले गेले. १०५० साली मॅकबेथ रोमच्या यात्रेला गेला. हे अंतर २००० किलोमीटरांहून जास्त, आणि तेव्हा गाड्या कुठल्या! रोममध्ये त्याने शेतात बी फोकावं तसे गोरगरिबांना पैसे वाटले, असे त्याच काळातल्या एका साधूने लिहून ठेवले आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. देशात लोक चिडलेले असते तर राजा इतके महिने गादी सोडून गेला असता का?

१०५४ साली इंग्लंडचा सरदार सिवर्ड मोठे सैन्य घेऊन आला. मॅकबेथ हरला, पण निसटला. शेवटी १५ ऑगस्ट १०५७ रोजी लुंफानन इथे डंकनच्या मुलाने, माल्कमने, त्याला ठार केले. लुलाख राजा झाला, पण काही महिन्यांतच, १०५८ साली, माल्कमने त्यालाही मारले आणि ३५ वर्षे राज्य केले.

मग मॅकबेथ दुष्ट कसा ठरला? पुढचे राजे माल्कमच्या वंशातले. इतिहास लिहिणारे त्यांच्याच पदरचे. ते मॅकबेथला चांगला कशाला म्हणतील? अशाच गोष्टी होलिनशेडच्या इतिहासात आल्या आणि १६०६ च्या सुमारास शेक्सपियरने त्यावरून नाटक लिहिले. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर जेम्स राजा होता. तोही माल्कमच्याच वंशातला!