चान्या म्हणजे काय, आणि काय नाही

नाशिकच्या मांसाहारी खानावळीत ‘मटण सुकं’ मागवलं, तर ताटलीत येतं ते कांदा-खोबऱ्याच्या वाटणात परतलेलं, रस्सा आटवलेलं मटण. त्यात सुकवलेलं काही नसतं. सकाळी कापलेला बोकड दुपारी ताटात आलेला असतो. खरोखर उन्हात सुकवलेल्या मांसाला मराठीत वेगळा शब्द आहे, चान्या. एक असेल तर चानी. मेनूकार्डावर तो छापलेला दिसणार नाही आणि चारचौघांत सहसा उच्चारलाही जात नाही. ज्याविषयी कुणी मोकळं बोलत नाही त्याविषयी गैरसमज फार, तसं या शब्दाचं झालं आहे.

पहिला गैरसमज असा की, चान्या हे कुठल्या तरी जनावराचं किंवा जनावराच्या अवयवाचं नाव. तसं नाही. खिमा म्हटलं की मांस कसं चिरलंय ते कळतं, कशाचं आहे ते नाही. चान्यांचंही तेच. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची आणि कडक उन्हात दोरीवर वाळत घालायच्या. कापण्याची आणि टिकवण्याची ही रीत. तिच्यातून निघणाऱ्या पट्टीचं नाव चानी. मांसाच्या शब्दांत असे घोळ आणखीही आहेत. हिंदी-उर्दूत ‘बोटी’ म्हणजे मांसाचा तुकडा, आपल्याकडे बोटी म्हणजे आतडी. त्यामुळे बोटी कबाबला नाक मुरडणारा मराठी माणूस उगाचच एका चांगल्या पदार्थाला मुकतो.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे आणि त्याला इतिहास आहे: ‘चान्या म्हणजे मेलेल्या जनावराचं मांस.’

गावगाड्यात मेलेलं जनावर ओढून नेणं हे महारकीच्या कामात मोडायचं. मांस त्या कामाचा मोबदला होता, निवडून घेतलेली चैन नव्हे. एक बैल पडला की शंभर किलोच्या घरात मांस एकदम हाती यायचं, तेही बहुधा कडक उन्हाळ्यात किंवा दुष्काळात, जेव्हा गुरं पटापट मरत आणि घरात धान्याचा कण नसे. दोन दिवसांत ते सगळं खाणं शक्य नव्हतं आणि टाकून देणं परवडणारं नव्हतं. म्हणून वाटे पडत, पट्ट्या कापल्या जात, अंगणात दोऱ्या बांधल्या जात. पुढचे कित्येक महिने, ज्वारीची भाकरी आणि पाणी एवढंच हाताशी असलेल्या दिवसांत, गाडग्यात ठेवलेली चानी कामी येई.

म्हणजे संबंध होता, हे खरंच. पण रीत आणि माल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. डॉ. आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडा, असं ठासून सांगितलं. ‘मांस सोडा’ असं त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या आवाहनानंतर कित्येक गावांत लोकांनी मेलेली ढोरं ओढायचंच नाकारलं आणि त्याबद्दल बहिष्कार सोसला. पुढे १९५८ च्या कायद्यानं, महारकी ज्यावर उभी होती ते महार वतनच संपवलं. चान्या मात्र उरल्या, त्या खाटकाकडून विकत आणलेल्या मांसाच्या. आज चान्या करणाऱ्या घरात मांस पिशवीतून येतं, वेशीबाहेरून नाही.

नाशिक जिल्ह्यात ही गोष्ट सांगताना आणखी एक समजूत आडवी येते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथला, २ मार्च १९३० चा. ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही आंबेडकरांची घोषणा येवल्याची, १३ ऑक्टोबर १९३५ ची. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की बौद्ध झाल्यावर मांसाहार आपोआप सुटला असणार, निदान सुटायला हवा होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, मांसाहार सोडण्याची नाही. तरीही शहरात आलेल्या अनेक घरांतून चान्या गेल्या. त्याचं कारण धर्मात शोधण्यापेक्षा चाळीत आणि सोसायटीत शोधावं. दोरीवर काय वाळतंय हे शेजाऱ्याला दिसतं आणि त्यावरून आडनावाच्या आधी जात कळते. बोंबील वाळत घातले तर शेजारी फार तर वासाची तक्रार करतो. सुकट, बोंबील, जवळा हे बाजारात उघड्यावर मांडून विकलं जातं. वाळवण्याची रीत एकच असताना मासळीला प्रतिष्ठा आणि मांसाला लाज, ही वाटणी मिठानं किंवा उन्हानं केलेली नाही.

‘सुकवलेलं मांस म्हणजे सडकं, शिळं.’ हा तिसरा गैरसमज, आणि इथे दोन्ही बाजूंनी नीट बोललं पाहिजे. ताज्या मांसात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. कुजवणाऱ्या जंतूंना वाढायला ते पाणी लागतं. पट्टी पातळ ठेवली की पाणी लवकर उडतं, मीठ उरलेलं पाणी बांधून ठेवतं, आणि किलोभर मांसाचं तीन-चारशे ग्रॅम कडक, काळपट लाकूड होतं. कापणाराचं कसब दिसतं ते धाग्यात. मांसाच्या धाग्याच्या दिशेनं कापलेली पट्टी लांब निघते आणि टांगल्यावर तुटत नाही. आडवी कापली तर दातांना सोपी, पण दोरीवरून गळून पडते. चरबी आधीच काढून टाकतात, कारण ती वाळत नाही, खवट होते. नाशिक-येवल्याकडचा एप्रिल-मे, कोरडा आणि तापलेला, या कामाला नामी. कोकणातल्या दमट हवेत त्याच पट्टीला बुरशी धरायला वेळ लागणार नाही. दक्षिण आफ्रिकेतलं बिल्टाँग, अमेरिकेतली जर्की, तुर्कस्तानातलं पास्तिर्मा हे याच कुळातले. जर्की आता आपल्याकडेही चकचकीत पाकिटात मिळते. ती विकत घेणारा चान्यांचं नाव काढल्यावर तोंड वाकडं करतो, याची मला गंमत वाटते.

पण ऊन म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. वाळवल्यानं जंतूंची वाढ थांबते, सगळे मरत नाहीत. म्हणून चानी नीट शिजवून किंवा भाजूनच खायची. आणि आजारानं मेलेलं जनावर कुठल्याही रीतीनं सुरक्षित होत नाही. काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स, त्याचे बीजाणू उन्हाला, मिठाला आणि साध्या शिजवण्यालाही दाद देत नाहीत. आंबेडकरांचा आग्रह स्वाभिमानासाठी होता, पण आरोग्याच्या बाजूनंही तो बिनचूक होता.

आता कायदा. ‘मोठ्याचं’, म्हणजे गुराढोरांचं मांस म्हटलं की गाय, आणि चान्या घरात सापडल्या की पोलीस, असं समजणारे बरेच आहेत. गाईच्या कत्तलीवर महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानंच बंदी आहे. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आणि रेडा आले नाहीत. म्हशीच्या कत्तलीआधी दाखला मात्र लागतो. या सुधारित कायद्याखालचा पहिला गुन्हा नाशिक जिल्ह्यातच, मालेगावात नोंदला गेला. तिथल्या पोलिसांनी तर गुरांच्या मालकांकडून जनावरांचे फोटो आणि खाणाखुणाही मागवल्या होत्या. ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं कत्तलबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. त्यावरचं अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं. परवाना असलेल्या दुकानातून आणलेल्या म्हशीच्या मांसाच्या चान्या करणं बेकायदा नाही. अडचण एवढीच की वाळलेल्या पट्टीकडे बघून ती म्हशीची की बैलाची हे कुणालाच सांगता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळा लागते. त्यामुळे कायद्यात बसणारी वस्तूही लोक लपवून करतात.

‘चान्यांची काही पाककृतीच नाही, भूक लागली की चघळायचं.’ हे मराठी पाककृतींच्या पुस्तकांवरून झालेलं मत असावं, कारण त्यांत चान्या नसतात. पण शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाच्या कृती सविस्तर आल्या. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातल्या विद्यार्थ्यांनी याच विषयावर एक पुस्तक केलं होतं.

घरोघरी हात वेगळा, पण ढोबळ रीत दोन प्रकारची. घाईत असेल तर चानी निखाऱ्यावर धरायची. ती फुगते, तडतडते, कडा जळतात. मग पाट्यावर ठेचून, तिच्यावर लसूण-मिरची आणि तेलाची धार. रस्सा करायचा तर आधी कोमट पाण्यात भिजत घालायची. ते पहिलं पाणी खारट असतं, म्हणून ओतून देतात, आणि रश्शात मीठ चव घेतल्याशिवाय टाकत नाहीत. भिजलेल्या पट्ट्या बोटभर लांबीच्या कापून, कांद्यावर परतून, काळ्या मसाल्यात मंद आचेवर शिजू द्यायच्या. ताज्या मटणापेक्षा वेळ जास्त लागतो आणि तुकडा कमी लागतो. मूठभर चान्यांत चार माणसांचा रस्सा होतो, कारण पाणी उडून गेल्यावर मागे उरते ती नुसती चव. बरोबर बाजरीची भाकरी असेल तर ती रश्शात कुस्करायची, चमच्याचं काम नाही.