मशीन लावूनही दिवसा झोप का येते?



बंदी उठल्यापासून आपल्या तीन बोटमालकांच्या घरून एकच तक्रार कानावर आली. रात्री तोंडाला मास्क लावून झोपायची मशीन घेतली, पैसे घातले, डॉक्टर म्हणाले आता बरं वाटेल, आणि तरी दिवसा डोळे मिटतातच. एक वहिनी तर सरळ म्हणाल्या, "घोरणं बंद झालं, पण माणूस काही जागा झाला नाही."

आता सोसायटीच्या पेजवर डिझेल, बर्फ, बाजारभाव सोडून झोपेचं काय, असं कोणी म्हणेल. घरात खुर्चीत डुलकी लागली तर फार तर मान अवघडते. पण रात्री तीन वाजता सुकाणूवर लागली, समोरून मालवाहू जहाज येत असेल आणि मागे सात-आठ खलाशी झोपलेले असतील, तर तो एका घराचा प्रश्न राहत नाही.

आधी आजार थोडक्यात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि श्वास परत सुरू होतो. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. असं तासाला किती वेळा होतं ते मोजतात. पाचच्या आत असेल तर ठीक, पंधराच्या पुढे मध्यम आणि तीसच्या पुढे गंभीर. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. रात्रभर कोणी दर दोन मिनिटांनी खांदा हलवला तर सकाळी कसं वाटेल, तसंच. गायक-संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा रुग्णालयानं हाच आजार सांगितला होता आणि पहिल्यांदाच अनेकांनी स्लीप ॲप्निया हे नाव ऐकलं.

हा आजार फक्त शेठ लोकांचा, असं आपल्याकडे म्हणतात ते काही खरं नाही. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या, नेहमीच्या तपासणीला आलेल्या पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ साली छापून आला. १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडकत होता, आणि ७.५ टक्क्यांना त्याच्या जोडीला दिवसा झोपही येत होती. हे शहरातले लोक होते, कोळीवाड्यातले नव्हेत. पण जाड मान, वाढलेलं पोट, रात्रीचं पिणं या गोष्टी आपल्याकडेही कमी नाहीत.

मशीनचं म्हणाल तर ती १९८१ साली ऑस्ट्रेलियात सिडनीला डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी काढली. बरेच जण समजतात की ती ऑक्सिजन देते. तसं नाही. ती खोलीतलीच हवा दाबानं आत सोडते, आणि त्या दाबानं घशाची वाट उघडी राहते. ती आजार बरा करत नाही. ज्या रात्री लावाल त्या रात्रीपुरतं काम करते. काढून ठेवली की एक-दोन रात्रींत घोरणं आणि श्वास अडकणं परत पहिल्यासारखं.

आपल्या लोकांचं गणित इथेच चुकतं. शहरातला नोकरदार माणूस महिन्याच्या तीस रात्री स्वतःच्या गादीवर झोपतो. आपला ट्रॉलरवाला आठ-दहा दिवसांची फेरी करतो, दोन दिवस बंदरात, परत फेरी. मशीन कुठे आहे? घरी, कपाटावर, फडक्यात गुंडाळलेली. महिन्यात पाच-सहा रात्री मशीन लागली आणि बाकीच्या रात्री केबिनमध्ये उताणं झोपून घोरणं चालू राहिलं, तर उपचार चालू आहेत असं म्हणायचं कसं? डॉक्टरांनी विचारलं की आपण सांगतो, "हो, लावतो ना." खोटं बोलत नाही, घरी असताना लावतोच. पण डॉक्टरला फेरीचा हिशेब माहीत नसतो. तो आपण सांगायचा. मी तर म्हणतो, बोटीच्या वहीत डिझेल लिहितो तसं महिन्याच्या किती रात्री मशीन लावली तेही लिहा आणि ते पान घेऊन जा.

दुसरी गोष्ट तासांची. ट्रॉलवर जाळं तीन-चार तासांनी ओढायचं, माल निवडायचा, बर्फात घालायचा, मग पाठ टेकायची. डोलवाल्यांची झोप तर भरती-ओहोटीच्या हातात. पाणी सहा तासांनी फिरतं, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आज रात्री अकराला उठावं लागलं तर चार दिवसांनी पहाटे दोनच्या पुढे. कारखान्यात पाळी आठवड्याला बदलते, आपली रोज बदलते. श्वास सुरळीत असलेला तरणा खलाशीसुद्धा त्यात पेंगतो. मशीन श्वासाची वाट मोकळी ठेवेल, न मिळालेली झोप कुठून देणार? अमेरिकेत २००७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात मशीन रोज किती तास लावल्यावर किती फरक पडतो ते पाहिलं होतं. पेंग कमी वाटायला लोकांना रात्री चारेक तास पुरले, पण दिवसभराची कामं नीट जमायला साडेसात तासांपर्यंत फायदा वाढत गेला. बोटीवर सलग साडेसात तास कोणाला मिळतात?

म्हणून माझ्या मते आपल्याकडे एक सोपी परीक्षा आहे, जी मुंबईच्या साहेबाकडे नाही. १ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. बोट वर, माणूस घरी, मशीन उशाशी. या काळात सलग तीन-चार आठवडे रोज सहा-सात तास मशीन लावून पाहा. माणूस ताजातवाना झाला आणि ऑगस्टअखेर परत पेंगायला लागला, तर दोष मशीनचा नाही, फेरीतल्या झोपेचा आहे. बंदीतही तसाच मरगळलेला राहिला, तर कारण दुसरं आहे आणि ते शोधायला हवं. डॉक्टरला एवढं सांगितलं तरी त्यांचं अर्धं काम होतं.

आता आपल्याच एका सभासदाची गोष्ट, त्यांना विचारून आणि नाव न घालता सांगतो. ते स्वतः मालक आणि स्वतःच तांडेल. त्यांचे मेहुणे लष्करातून निवृत्त होऊन ग्वाल्हेरला थाटीपुर भागात स्थायिक झालेत. मेहुण्यांनी नवी मशीन घेतली, जुनी चांगली चालत होती, ती दिवाळीला येताना दादांसाठी घेऊन आले. प्रेमानंच आणली. घरच्यांना वाटलं, हजारो रुपये वाचले. दादांनी महिनाभर लावली. सकाळी पोट फुगलेलं, तोंड कोरडं, डोळ्यांना वारा लागून पाणी, आणि झोप पूर्वीसारखीच. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी छातीच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी मशीनमधलं कार्ड काढून वाचलं. दाब थाटीपुरच्या मेहुण्यांसाठी लावलेला होता, तो दादांना फार जास्त पडत होता. मास्कही मेहुण्यांच्या मापाचा, त्यामुळे हवा कडेनं निघून जायची. दादा झोपेतच दोन तासांनी मास्क काढून टाकायचे आणि त्यांना स्वतःला ते ठाऊकही नव्हतं. कार्डावर मात्र सगळं लिहिलेलं.

चष्मा जसा दुसऱ्याचा चालत नाही, तशी ही मशीन दुसऱ्याच्या दाबावर चालत नाही. घरात फिरवायला हरकत नाही, पण स्वतःची झोपेची तपासणी करून दाब बदलून घ्या, मास्क आणि नळी नवी घ्या. जुनी मशीन घेताना आणखी एक बघा. फिलिप्स कंपनीनं जून २०२१ मध्ये आपल्या बऱ्याच मशीन जगभरातून परत मागवल्या, कारण आवाज कमी करायला आत घातलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. दादांची मशीन दुसऱ्या कंपनीची होती. पण ओएलएक्सवर किंवा ओळखीत स्वस्तात मिळते म्हणून कोणी घेत असेल तर मॉडेल आणि साल विचारूनच घ्या.

दाब बदलल्यावर दादांना बंदरात बरं वाटायला लागलं, फेरीवर नाही. मग मशीन बोटीवर न्यायचं ठरलं. बहुतेक मशीन कंपनीचा कन्व्हर्टर घेतला तर बोटीच्या १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. बाजारातला साधा इन्व्हर्टर जोडून प्रयोग करू नका. हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी असते, ती सर्वांत जास्त बॅटरी खाते. शिवाय बोट हेलकावली की त्यातलं पाणी नळीतून थेट नाकात. म्हणून फेरीवर टाकी रिकामी आणि बंद ठेवायची. मशीन झोपायच्या फळीपेक्षा खाली, पट्ट्यानं बांधून ठेवायची. खारी हवा आणि डिझेलचा धूर यामुळे फिल्टर लवकर काळा होतो, तो दर फेरीला बघायचा. मास्क गोड्या पाण्यानं आणि साबणानं पुसायचा. खलाशी पहिल्या रात्री हसले, "तांडेल विमान चालवतोय" म्हणाले. तिसऱ्या रात्री त्यांनाच बरं वाटलं, कारण घोरणं बंद झालं होतं.

ज्यांना बंदीतही थकवा जात नाही, त्यांनी काय बघायचं? पहिलं कार्ड. किती तास लावली, हवा किती गळते, आणि मशीन चालू असतानाही तासाला किती वेळा श्वास अडकतो, हे तीन आकडे. काहींना मशीन सुरू केल्यावर वेगळ्याच प्रकारे श्वास थांबतो, म्हणजे घसा उघडा असतो पण मेंदूच क्षणभर आज्ञा देत नाही. तो कार्डावर कळतो आणि त्याचा इलाज वेगळा असतो. आकडे ठीक असतील तर रक्त तपासायचं: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर. मग गोळ्या. सर्दीची गोळी, खाजेची गोळी, बोट लागू नये म्हणून घेतात ती गोळी, यांपैकी बऱ्याच झोप आणतात. रात्रीची दारू घसा आणखी सैल करते आणि झोपही तुकड्या-तुकड्यांची होते. "झोप येण्यासाठी दोन घोट" हा हिशेब या आजारात उलटाच पडतो. रात्री पाय सारखे हलवावेसे वाटणं हाही एक वेगळा आजार आहे, तो डॉक्टरला आपणहून सांगावा लागतो.

आणि मन. दोन हंगाम मासळी नाही, कर्जाचा हप्ता थकलेला, अशा वेळी माणूस सकाळी उठूच नये असं म्हणतो. ती झोप नसते, उदासी असते. आपल्याकडे पुरुष हे बोलत नाहीत, थकलोय एवढंच म्हणतात. घरच्या बायकांनी याकडे लक्ष द्यावं, आणि आळशी झालाय असं चारचौघांत बोलू नये.

सगळं तपासून, सगळं नीट लावूनही दहातल्या एखाद्याची पेंग उरते. तसं झालं तर तो आजाराचाच भाग आहे, माणसाचा दोष नाही. त्यासाठी जागं ठेवणारी औषधं आहेत, मोडाफिनिल हे त्यातलं एक. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची असतात, बीपी आणि हृदय बघून देतात. ट्रकवाल्यांकडून किंवा मेडिकलवाल्याच्या ओळखीनं आणलेली पट्टी बोटीवर ठेवू नका. ती गोळी पेंग दाबते, श्वासाची वाट उघडत नाही. मशीन सोडून गोळीवर राहिलं तर रात्री ऑक्सिजन उतरतच राहतो. वजनाचं इंजेक्शन हल्ली सगळे विचारतात. तिर्झेपटाइड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ माणसांच्या या आजारासाठी मंजुरी मिळाली, पण ते महाग आहे आणि त्यानं मशीन लगेच सुटत नाही.

राहिला सुकाणूचा प्रश्न, आणि यात मी जरा कडक बोलणार आहे. ज्याला दिवसा झोप आवरत नाही त्यानं पहाटे दोन ते पाच एकट्यानं सुकाणू धरू नये. या वेळात चांगल्या माणसाचंही शरीर सर्वांत सुस्त असतं. केबिनमध्ये दुसरा माणूस जागा हवा, फोनवर नव्हे, समोर बघत. पाळी लिहून ठेवा, तांडेलानं स्वतःचं नाव त्यात खाली घालायला लाजू नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००७ च्या मासेमारी कराराप्रमाणे तीन दिवसांहून जास्त समुद्रात राहणाऱ्या बोटीवर माणसाला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायला हवी. आपल्याकडे हा आकडा ऐकून लोक हसतील. पण एक जास्तीचा खलाशी घेतला तर त्याचा हिस्सा किती जातो आणि बोट गेली तर काय जातं, हे मालकांनी एकदा कागदावर मांडावं. दादांनी यंदा एक माणूस वाढवला. त्यांना अजून दुपारी पेंग येते, हे ते स्वतःच सांगतात. म्हणून दुपारी सुकाणू भाच्याकडे असतं.

झोप किती येते हे मोजायचा एपवर्थचा कागद असतो. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली केलेला. टीव्ही बघताना, जेवून बसल्यावर, गाडीत बसल्यावर डुलकी लागायची शक्यता किती, असे आठ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहाच्या वर गेली तर डॉक्टरला दाखवायचं. तो मराठीत करून ऑफिसात टेबलावर ठेवलाय. डिझेलचा फॉर्म भरायला याल तेव्हा पाच मिनिटांत भरून होईल. घरच्यांना बरोबर आणलंत तर उत्तम, कारण डुलकी लागते ते ज्याला लागते त्याला कळत नाही. मशीनवाल्यांनी कार्ड किंवा मोबाइलमधला रिपोर्ट सोबत आणावा.

— सचिव