कड्याचे रोहित्र

पाठ्यपुस्तकातले रोहित्र बहुधा चौकोनी गाभ्याचे असते. पण २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने ज्यावर प्रयोग केला, ते होते नरम लोखंडाचे सहा इंची कडे. त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेची वेटोळी होती. एका वेटोळ्यातील धारा सुरू वा बंद करताच दुसऱ्याच्या मंडलातील चुंबकसूची हलली. म्हणजे पहिले रोहित्र गोलच होते!

चौकोनी गाभ्यात पत्र्याचे तुकडे जिथे जुळतात तिथे सूक्ष्म फट राहते. आजचा गोल गाभा सिलिकॉनयुक्त पोलादाची लांब पट्टी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून करतात. वाटेत फट नसल्याने आणि तार सर्व कडेभर गुंडाळलेली असल्याने बलरेषा बाहेर फारशा सांडत नाहीत. म्हणून अँप्लिफायरमध्ये अशी रोहित्रे पसंत करतात. घरघर कमी होते. मात्र याच कारणाने बंद केल्यावर गाभ्यात चुंबकत्व बरेच उरते आणि पुन्हा चालू करताना क्षणभर मोठी धारा ओढली जाऊन फ्यूज उडू शकतो.

असे रोहित्र मधल्या भोकातून बोल्ट घालून बसवतात. समजा, २३० व्होल्टसाठी ४६० वेढे आहेत. म्हणजे दर वेढ्यामागे अर्धा व्होल्ट. बोल्टची दोन्ही टोके धातूच्या पेटीला टेकली, की बोल्ट आणि पेटी मिळून आणखी एक बंद वेढा तयार होतो! अर्धा व्होल्ट किरकोळ वाटतो. पण त्या वाटेचा रोध एक सहस्रांश ओहम धरला, तर ओहमच्या नियमाने धारा ५०० अँपिअर येते. प्रत्यक्षात ती काहीशी कमी भरेल; रोहित्र जळायला तेवढीही पुरते.

असेच एक छोटे कडे घरातल्या गळतीरोधक स्विचमध्ये, म्हणजे आरसीसीबीमध्ये असते. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्यातून जातात. जाणारी व परतणारी धारा सारखी असेल, तर त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडतात. कुणाचा हात फेजला लागून काही धारा जमिनीत गेली, की तोल बिघडतो, कड्यावरच्या वेटोळ्यात धारा निर्माण होते आणि स्विच पडतो. घरगुती स्विचसाठी ही मर्यादा सहसा ३० मिलिअँपिअर असते. 'टेस्ट' बटण मुद्दाम असाच थोडा असमतोल घडवते. ते अधूनमधून दाबून पाहावे.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. कोरड्या लाकडावर उभे राहून कुणी एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर गेलेली सगळी धारा परत येते. त्या कड्याला माणूस आणि दिवा यांत फरक कळत नाही, आणि स्विच पडत नाही.