मुळांतील जनुक-संपादन : यशाचं प्रमाण कसं वाढवतात?



नागपूरची संत्री आपण आवडीने खातो. पण संत्र्याच्या झाडाची मुळं बहुतेक वेळा संत्र्याची नसतातच, हे माहीत आहे का? रोपवाटिकेत जंबेरी किंवा रंगपूर लाइम या लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. खालच्या भागाला खुंट म्हणतात. विदर्भातल्या बागा वाळवणारे डिंक्या आणि मूळकूज हे रोग फायटोप्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतात आणि तो बुंध्यावर व मुळांवरच हल्ला करतो. म्हणजे खुंट दमदार, तर बाग दमदार!

जनुक-संपादन म्हणजे काय?

डीएनए हे लांबलचक वाक्य समजा. त्यातलं ठरावीक अक्षर शोधून तिथे कापणारी कात्री म्हणजे क्रिस्पर-कॅस९. इमॅन्युएल शार्पेंटिये आणि जेनिफर डाउडना यांनी 2012 मध्ये ती मांडली. 2020 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. कात्रीला पत्ता सांगतो तो ‘गाइड आरएनए’. काप जोडताना पेशीकडून चूक होते आणि ते जनुक बंद पडतं. रोगाला मदत करणारं जनुक असं बंद करता आलं, तर?

आधी मुळांतच का?

संत्र्याला फळ धरायलाच चार-पाच वर्षं लागतात. इतकं थांबून पत्ताच चुकीचा निघाला तर सगळी मेहनत वाया! मुळं मात्र काही आठवड्यांत फुटतात. मातीतला ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजीन्स हा जीवाणू जखमेतून आपला डीएनए झाडात घालतो आणि तिथे केसाळ मुळं येतात. शास्त्रज्ञ त्याच्याचमार्फत कात्री पाठवतात.

प्रमाण कसं मोजायचं?

समजा 20 मुळं फुटली. 8 मध्ये कात्री पोहोचली. त्यातल्या 2 मध्ये बदल झाला. पोहोचलेल्या मुळांत यश 25 टक्के, एकूण मुळांत फक्त 10 टक्के. म्हणजे गळती दोन ठिकाणी आहे.

वाढवायचं कसं?

1. रंगाची खूण : कात्रीसोबत ‘रुबी’ नावाची खूण पाठवतात. मूळ बीटासारखं लाल होतं. लाल तेवढीच मुळं तपासायची.
2. योग्य पत्ता : एकाच जनुकासाठी दोन-तीन गाइड करून पाहतात. चांगला चालेल तो ठेवतात.
3. योग्य स्विच : मुळांच्या पेशींत जोरात चालू राहणारा स्विच कात्रीला जोडतात.
4. ऊब : कॅस९ मूळचं माणसाच्या घशात राहणाऱ्या जीवाणूतलं. काही वनस्पतींना अधूनमधून 37 अंश सेल्सिअसची ऊब दिल्यावर संपादन वाढलेलं दिसलं. पण डीएनए पोहोचवणाऱ्या जीवाणूला उष्णता मानवत नाही. म्हणून ऊब नंतर द्यायची.

एक लक्षात ठेवा

मूळ बदललं तरी वरचं खोड जुनंच राहतं, त्यामुळे बदल बियांत उतरत नाही. कायमचा खुंट हवा तर बदललेल्या पेशीपासून पूर्ण रोप वाढवावं लागतं. मुळांतला प्रयोग ही चाचणी परीक्षा आहे, वार्षिक नाही. पण चाचणी नीट झाली, तर पुढची वर्षं वाचतात.

सोडवून पाहा : 40 मुळांपैकी 10 लाल झाली, त्यातल्या 4 मध्ये बदल सापडला. दोन्ही प्रमाणं काढा. आधी कोणती पायरी सुधाराल? का?