निवडक औषधाची घडण

ज्या व्याधीत शरीराचे संरक्षक सैन्य स्वतःच्याच मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण परके समजून उद्ध्वस्त करू लागते, आणि त्यापायी कोणाची दृष्टी मंदावते, तर कोणाचे पाय ताठरून जागच्या जागी खिळतात, त्या मल्टिपल स्क्लेरोसिसवर भांगेच्या सत्त्वातून सुचलेले औषध घडविण्याचा रसायनशास्त्रज्ञांचा उद्योग मोठ्या चिकाटीचा आहे.

१९६४ साली राफाएल मेशुलाम व येहिएल गाओनी यांनी इस्राएलमधील रेहोवोथ येथे, पोलिसांनी जप्त केलेल्या चरसातून, टीएचसी हे मादक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. परंतु ते शरीरात नेमके कोठे लागू पडते, याचा उलगडा होण्यास पाव शतक लोटले. १९९० मध्ये सीबी-१ या रिसेप्टरचे, म्हणजे पेशीवर टीएचसी ज्याला चिकटते त्या प्रथिनाचे, जनुक हाती आले आणि १९९३ मध्ये केंब्रिज येथे शॉन मन्रो व त्यांच्या सहकाऱ्यांना सीबी-२ गवसला. पहिल्याचा अंमल मुख्यत्वे मेंदूत, दुसऱ्याचा प्लीहेत व रक्तातील पांढऱ्या पेशींत. नशा चढते ती पहिल्यामुळे, दाह शमण्याची आशा आहे ती दुसऱ्यापाशी. तेव्हा पहिल्याला न डिवचता केवळ दुसऱ्यासच जागविणारा रेणू रचावा, ही तजवीज ओघानेच आली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील एचयू-३०८ हा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला रेणू तिचे आरंभीचे फळ.

अडचण अशी की ही प्रथिने सख्ख्या भावंडांसारखी आहेत: पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाणाऱ्या त्यांच्या भागांत अमिनो आम्लांचे साम्य सुमारे ६८ टक्के भरते. २०१९ साली शांघायटेक विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह सीबी-२ ची स्फटिकरचना उकलली, तेव्हा त्याला निष्क्रिय ठेवणाऱ्या एएम१०२५७ या रेणूच्या सान्निध्यात त्याचा बाह्य भाग उद्दीपित सीबी-१ शी विलक्षण जुळता दिसला. आणि त्या साम्यावरून शंका घेऊन तपास करता, एकाला निजविणारा तोच रेणू दुसऱ्याला चेतवितो, असे निष्पन्न झाले. या साऱ्या शास्त्रात मला याहून अद्भुत काही दिसत नाही. कारण रेणू एका ठिकाणी कसा वागतो एवढ्यावरून दुसऱ्या ठिकाणच्या त्याच्या वर्तनाचा अदमास बांधणाऱ्याला येथे सपशेल चकवा मिळतो.

उंदरांतील मल्टिपल स्क्लेरोसिससदृश रोगात, हल्लेखोर टी-पेशींत सीबी-२ नसेल तर दाह बळावतो, हे २००७ मध्ये दिसून आले. मनुष्याची कथा मात्र कष्टाची आहे. टीएचसी व भांगेतीलच कॅनॅबिडिऑल यांचा तोंडात मारावयाचा फवारा स्नायूंच्या ताठरपणावर ब्रिटनमध्ये २०१० मध्ये मंजूर झाला. परंतु रोग सतत वाढत जाणाऱ्या सुमारे पाचशे रुग्णांवर त्याच देशात तीन वर्षे टीएचसीची चाचणी घेतली असता, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, रोगाची वाढ मंदावली नाही. या अपयशाचा दोष सीबी-२ च्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही: टीएचसी दोन्ही रिसेप्टरांवर चालते, त्याची मात्रा नशेच्या भयाने आवरती घ्यावी लागते, आणि त्या उत्तरावस्थेत दाहाचा जोरही बहुधा ओसरलेला असतो. निवडक रेणूची पारख रोगाच्या आरंभीच, दाह भडकलेला असताना व्हावी. अर्थात त्या अवस्थेवर आज परिणामकारक औषधे उपलब्ध असल्यामुळे, नवागताला त्यांच्याच तोडीचा गुण दाखवावा लागेल.