अहवालातील ‘साठ टक्के’

बँकेत आयुष्यभर आकडे वाचले. तरीही स्वतःच्या टूडी एकोच्या अहवालात ‘इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के’ पाहून मी हादरलो. हृदय चाळीस टक्के निकामी झाले, असाच हिशेब मी मांडला. डॉक्टरांनी तो खोडून काढला.

हृदयाचा डावा कप्पा त्यात भरलेल्या रक्ताचा किती हिस्सा एका ठोक्यात बाहेर ढकलतो, त्याचे हे प्रमाण. ते शंभर कधीच नसते. साधारणतः ५० ते ७० निरोगी समजतात. ४० किंवा त्याखाली आल्यास आकुंचनशक्ती घटलेली असते.

उलट चूक माझ्या थोरल्या बंधूंनी केली. त्यांचा आकडा औषधांनी ३५ वरून ५० वर आला. ‘खाते पूर्ववत झाले’ म्हणून त्यांनी गोळ्या थांबवल्या. काही महिन्यांतच जिना चढताना धाप लागू लागली, पाय सुजले. ती सुधारणा गोळ्यांच्याच आधारावर उभी होती.

अशा रुग्णाने रोज सकाळी वजन करावे; दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढल्यास डॉक्टरांना कळवावे. पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठ मोजावे. पर्युषणातील उपवास वा चौविहार असल्यास गोळ्यांची वेळ व मात्रा डॉक्टरांना विचारून आधीच ठरवावी.

आणि जुने अहवाल चोपड्यांप्रमाणे तारीखवार जपावेत. एका नोंदीवरून पेढीची स्थिती कळत नाही, हृदयाचीही नाही.