भाडे रोखणे (घरदुरुस्तीसाठी)

भाड्याने दिलेल्या जागेची आवश्यक दुरुस्ती करण्यात घरमालकाने कसूर केल्यास, ती करून घेण्यासाठी भाडेकरूने एकट्याने किंवा इतर भाडेकरूंसह भाडे देण्याचे थांबविणे, यास भाडे रोखणे असे म्हणता येईल. दुरुस्तीचा खर्च स्वतः करून तो भाड्यातून वळता करून घेणे, म्हणजेच वजावट, ही याहून वेगळी गोष्ट आहे. भारतीय कायद्याने वजावटीस मर्यादित मान्यता दिली आहे. सरसकट भाडे रोखण्यास दिलेली नाही. नागपूरसारख्या शहरात अनेक भाडेकरूंनी जागेवरील आपला हक्क गमाविला, तो बहुधा या दोहोंतील फरक लक्षात न घेतल्यामुळे.

तत्त्व : भाडे देणे व दुरुस्ती करणे ही दोन कर्तव्ये परस्परांवर अवलंबून आहेत की स्वतंत्र आहेत, हा या विषयातील मूळ प्रश्न होय. इंग्रजी विधीच्या जुन्या परंपरेनुसार ती स्वतंत्र मानली जात. त्यामुळे छप्पर गळत असले, तरी भाडे चुकत नसे. भारतातील १८८२ च्या संपत्ती हस्तांतरण अधिनियमाने हीच धारणा काही अंशी सौम्य केली. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे, ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद या अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये आहे. तथापि मालक कोणत्या दुरुस्तीस बांधलेला आहे, हे मुख्यतः करारावर अवलंबून राहिले. सुरेंद्रनाथ बिब्रा विरुद्ध स्टीफन कोर्ट लिमिटेड (१९६६) या कलकत्त्यातील प्रकरणी घराच्या तीन शयनगृहांपैकी एकाचा ताबा भाडेकरूस मिळालाच नव्हता. तरीही संपूर्ण भाडे थांबविण्याचा त्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. प्रत्यक्ष मिळालेल्या जागेच्या प्रमाणात भाडे दिले पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले.

परदेशांतील घडामोडी : ग्लासगो येथे १९१५ मध्ये भाडेवाढीविरुद्ध भाडेकरूंनी, विशेषतः गृहिणींनी, भाडे रोखले व त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने भाडे नियंत्रणाचा कायदा केला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९६३-६४ मध्ये जेसी ग्रे यांच्या नेतृत्वाखाली झालेला लढा मात्र थेट दुरुस्तीसाठी होता. उंदरांचा सुळसुळाट असलेल्या व थंडीत उबेची सोय नसलेल्या इमारतींचे भाडे तेथे रोखण्यात आले. पुढे १९७० मध्ये वॉशिंग्टन येथील जॅव्हिन्स प्रकरणात घर राहण्याजोगे ठेवणे आणि भाडे देणे ही कर्तव्ये परस्परावलंबी असल्याचे अपील न्यायालयाने मान्य केले. भारतात हा विचार कायद्यात या स्वरूपात उतरलेला नाही.

नागपूरमधील स्थिती : नागपूर हे १९५६ पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडाचे, नंतर मध्य प्रदेशाचे राजधानीचे शहर होते. महाल, इतवारी, सीताबर्डी या जुन्या वस्त्यांतील वाडे व दुकाने भाड्याने देण्याची प्रथा तेथे दीर्घकाळ रूढ आहे. माती, विटा, लाकडी तुळया व कौले यांनी बांधलेल्या घरांना दर पावसाळ्यापूर्वी शाकारणी लागते. ती दोनचार वर्षे चुकली, की पाणी भिंतींत मुरून तुळया कुजतात. दुरुस्तीचा वाद त्यामुळे केवळ सोयीचा न राहता जीविताच्या सुरक्षिततेचा होतो.

येथील भाडेसंबंध सुमारे अर्धशतक मध्य प्रांत व वऱ्हाड गृहभाडे नियंत्रण आदेश, १९४९ या आदेशान्वये चालले. भाडेपट्टा संपुष्टात आणणारी नोटीस देण्यापूर्वी मालकास भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. ती मिळाल्यावरही ताब्यासाठी दिवाणी दावा करावा लागे. हे दुहेरी संरक्षण मोठे होते. परंतु एकूण तीन महिन्यांचे भाडे थकलेले असणे व नियंत्रकाने दिलेल्या मुदतीतही ते न भरणे, तसेच भाडे नेहमी थकविणे, ही परवानगीची कारणे होती. जागा रिकामी केल्यावाचून करता येणार नाही अशी आवश्यक दुरुस्ती, हेही एक कारण होते. म्हणजे गळक्या छपरासाठी भाडे रोखणारा भाडेकरू थकबाकीदार ठरे आणि दुरुस्तीची निकड सिद्ध केल्यास तीच त्याच्या निष्कासनाचे साधन होऊ शके.

मालकांचीही बाजू होती. गोठविलेल्या भाड्यात दुरुस्तीचा खर्च भागत नाही, अशी त्यांची तक्रार असे. मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्यासंबंधी मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाने १९४० च्या पातळीवर भाडे स्थिर ठेवणे अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतर संपूर्ण राज्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ करण्यात आला. तो ३१ मार्च २००० पासून अंमलात येऊन नागपूरचा जुना आदेश संपुष्टात आला. या अधिनियमाने भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करण्याची मुभा मालकास दिली.

वजावटीची रीत : या अधिनियमाच्या कलम १४ अन्वये, भाडेकरूने विरुद्ध करार केलेला नसल्यास, जागा राहण्याजोग्या सुस्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूंनी एकट्याने वा संयुक्तपणे किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. तरीही दुरुस्ती न झाल्यास ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. संयुक्त दुरुस्तीचा खर्च प्रत्येकाच्या भाड्याच्या प्रमाणात विभागला जातो. खर्चाचा हिशेब व पावत्या पुरावा म्हणून ग्राह्य असतात. मात्र एका वर्षाची वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. उदा., मासिक भाडे ४०० रुपये असल्यास वार्षिक भाडे ४,८०० रुपये व वजावटीची मर्यादा १,२०० रुपये होते. ६,००० रुपयांच्या कामाची वसुली भाड्यातून होण्यास पाच वर्षे लागतात. जेथे भाडे कमी आणि इमारत जुनी, तेथे मोठ्या दुरुस्तीस हा उपाय अपुरा पडतो. दुरुस्तीच्या नावाखाली मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम केल्यास तेही निष्कासनाचे कारण ठरते.

थकबाकीचे परिणाम : भाडे थकल्यास मालकाने प्रथम लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते व नव्वद दिवस थांबावे लागते. दावा दाखल झाल्यावरही समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत संपूर्ण थकबाकी, पंधरा टक्के सरळ व्याज व दाव्याचा खर्च न्यायालयात भरल्यास आणि पुढील भाडे निकालापर्यंत नियमित भरल्यास, थकबाकीच्या कारणावरून ताबा देण्याचा हुकूमनामा होत नाही. मालक भाडे स्वीकारीत नसल्यास ते मनीऑर्डरने पाठवून परत आलेली पावती जपून ठेवण्याची प्रथा होती, ती यासाठीच. भाडे देण्याची तयारी सिद्ध होणे महत्त्वाचे असते.

इतर उपाय : पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सेवा मालकाने तोडल्यास भाडेकरूस न्यायालयाकडून त्या पूर्ववत करून घेता येतात. धोकादायक इमारतीच्या दुरुस्तीचा आदेश महानगरपालिका देऊ शकते. परंतु तीच इमारत रिकामी करण्याचाही आदेश देऊ शकते. दुरुस्तीसाठी ताबा द्यावा लागल्यास काम पूर्ण झाल्यावर पुन्हा प्रवेश मिळण्याची तरतूद अधिनियमात आहे. मुंबई बेटावरील जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापन करण्यात आले व तेथे दुरुस्तीचा भार अंशतः सार्वजनिक झाला. नागपूरच्या जुन्या वस्त्यांसाठी अशी व्यवस्था झालेली नाही. अलीकडे रूढ झालेल्या अनुज्ञप्ती कराराने राहणारी व्यक्ती कायद्याने भाडेकरू नसल्यामुळे तिला कलम १४ चा आधार मिळत नाही. तिचे हक्क करारातील शर्तींपुरते मर्यादित राहतात.